जकार्तातली ती पोरं पुढे कुठे गेली?

आडवापास
माझे आजोबा ८६ वर्षांचे आहेत. तरुणपणी मुंबईत नोकरीला होते आणि फुटबॉलचा रोव्हर्स कप सुरू झाला की कूपरेजच्या मैदानावर हजर. परवा रात्री त्यांच्या गुडघ्याला तेल चोळत बसलो होतो, तर एकदम १९६२ च्या एशियाडवर घसरले. जकार्ता, ४ सप्टेंबर, अंतिम सामना, समोर दक्षिण कोरिया. साखळीत त्याच कोरियाने आपल्याला २-० ने हरवलेलं. अंतिम सामन्यात मात्र पहिल्या वीस मिनिटांत पीके बॅनर्जी आणि जर्नेलसिंगने गोल केले, कोरियाचा एक अगदी शेवटी आला आणि २-१ ने सुवर्णपदक. हे सगळं त्यांना तोंडपाठ. मग थोडं थांबून म्हणाले, "ती पोरं पुढे काय करत होती रे?"

मला उत्तर देता आलं नाही. चुनी गोस्वामी गेले एवढं सांगितलं, तर म्हणाले, "ते पेपरात वाचलं. बाकीचे?"

फुटबॉलमध्ये आशियाई सुवर्ण आपल्याला दोनदाच मिळालं, १९५१ आणि १९६२. त्यातल्या दुसऱ्या संघाबद्दल मला धड चार वाक्यं बोलता येऊ नयेत याचं फार वाईट वाटलं. कुणाला माहिती असेल तर लिहा. खात्रीचं लिहा, आजोबांना वाचून दाखवणार आहे.

पाऊसवेडी
आजोबांना नमस्कार सांगा. मी वाचत बसणार आहे.

मधलीफळी
सुरुवात कर्णधारापासून करतो. चुनी गोस्वामी १९६४ नंतर आंतरराष्ट्रीय फुटबॉल खेळले नाहीत. वय होतं २६-२७. क्लब फुटबॉल उभा जन्म एकाच क्लबकडून, मोहन बागान. त्यानंतर हा माणूस क्रिकेटकडे वळला, आणि तोही नावापुरता नाही. १९६६ मध्ये वेस्ट इंडीजचा संघ दौऱ्यावर आला असताना इंदूरला मध्य आणि पूर्व विभागाच्या एकत्रित संघाने त्यांना डावाने हरवलं. त्या सामन्यात गोस्वामींनी ८ बळी घेतले. पुढे बंगालचे रणजी कर्णधार झाले आणि १९७१-७२ च्या अंतिम सामन्यात संघ घेऊन आले मुंबईविरुद्ध. हरले, पण आले. नोकरी स्टेट बँकेत. नंतर टाटा फुटबॉल अकादमीचे संचालक, आणि पुढे कोलकात्याचे शेरीफ. ३० एप्रिल २०२० ला गेले, ऐन लॉकडाऊनमध्ये.

बाकावरचा
पीके बॅनर्जी त्यांच्या आधी जेमतेम सहा आठवडे गेले, २० मार्च २०२० ला. एकाच फळीत खेळलेले दोघं एकाच उन्हाळ्यात.

शिट्टी
एक-दोन मोठी नावं सोडा. आपल्याकडे फुटबॉलपटूला निवृत्तीनंतर कुणी विचारत नाही हे सरळ सत्य आहे. पदकं माळ्यावर आणि खेळाडू वाऱ्यावर. यात शोधायचं काय?

बाकावरचा
शिट्टी, इतकं सरसकट नाही हो. पीकेंचंच घ्या. कोलकात्यात मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहमेडन यांची नावं दुमदुमत असताना ते कायम ईस्टर्न रेल्वेकडून खेळले. १९५८ ला रेल्वेने कलकत्ता लीग जिंकली, त्यात ते होते. रेल्वेची नोकरी होती म्हणून घर चाललं. पुढे प्रशिक्षक म्हणून तर त्यांची दुसरी कारकीर्द पहिलीहून मोठी म्हणावी लागेल. १९७७ मध्ये पेले न्यूयॉर्क कॉसमॉसबरोबर ईडन गार्डन्सवर आले, तेव्हा मोहन बागानने त्यांना २-२ असं रोखलं. त्या संघाचे प्रशिक्षक पीके. आणि १९९७ च्या फेडरेशन कपचा उपांत्य सामना, ईस्ट बंगाल-मोहन बागान, मैदानात १ लाख ३१ हजारांवर माणसं. तेव्हा ते ईस्ट बंगालकडे होते. भूतियाची हॅटट्रिक, ४-१. सामन्याआधी ड्रेसिंग रूममध्ये ते खेळाडूंशी जे बोलत, त्याला बंगालमध्ये 'व्होकल टॉनिक' असं नावच पडलं होतं.

वाऱ्यावर पडलेला माणूस हा नव्हे.

शिट्टी
मान्य. पण मी 'एक-दोन मोठी नावं सोडा' असंच म्हटलं होतं. तुम्ही त्यांचीच दिलीत.

तालीमवाला
शिट्टींचा मुद्दा बरोबर आहे. बलरामचं कुणी लिहा.

मधलीफळी
लिहितो, पण लिहिताना हात जड होतो.

तुळशीदास बलराम सिकंदराबादजवळच्या अम्मुगुड्याचे. घरची गरिबी. चुनी, पीके आणि बलराम हे त्रिकूट म्हणजे त्या काळच्या संघाचा प्राण. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांनी हंगेरीविरुद्ध गोल केला होता. हंगेरी, लक्षात घ्या. आपण तो सामना १-२ ने हरलो. जकार्तानंतर वर्षभरातच फुफ्फुसांच्या आजाराने त्यांचं खेळणं संपलं. वय २७ च्या आत-बाहेर. ज्या वयात मुलं आता नवीन करार करतात, त्या वयात त्यांनी बूट काढून ठेवले.

नोकरी रेल्वेत होती, बीएनआरला (बंगाल नागपूर रेल्वे). पुढचं सगळं आयुष्य हुगळी काठच्या उत्तरपाड्यात गेलं. लग्न केलं नाही. अर्जुन पुरस्कार १९६२ चा. त्रिकुटातल्या बाकी दोघांना पद्मश्री मिळाली, चुनींना १९८३ ला, पीकेंना १९९० ला. बलरामना मिळालीच नाही. १६ फेब्रुवारी २०२३ ला गेले. हैदराबादचा मुलगा बंगालमध्ये आला आणि तिथेच राहिला, पण शेवटपर्यंत त्यांच्या मनात डावललं गेल्याचं शल्य होतं.

पाऊसवेडी
हे वाचून बराच वेळ काही सुचलं नाही.

कूपरेजकर
आडवापास, तुमच्या आजोबांनी दोन जणांना कूपरेजवर नक्की पाहिलं असणार, म्हणून मुद्दाम सांगतो. अंतिम सामन्याच्या संघात आपल्या मुंबईत खेळणारे दोघं होते.

एक फॉर्च्युनाटो फ्रँको. मूळचे गोव्यातल्या कोलवाळचे, वाढले मुंबईत. हाफबॅक. आधी वेस्टर्न रेल्वे, मग टाटा स्पोर्ट्स क्लब. दुसरे ओ. चंद्रशेखर, केरळच्या इरिंजालकुड्याचे, बचावफळीत. ते खेळायचे कॅलटेक्सकडून. १९६३-६४ ची संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्यांच्या संघांची स्पर्धा, महाराष्ट्राने जिंकली, तिचे कर्णधार चंद्रशेखर आणि संघात फ्रँकोही. म्हणजे हे दोघं नुसते मुंबईत राहत नव्हते, महाराष्ट्राचे होते.

फ्रँकोंचा गुडघा गेला आणि १९६६ च्या सुमारास खेळ सुटला. नंतर टाटांकडेच नोकरी, आणि उतारवयात परत गोवा. अर्जुन पुरस्कार त्यांना कधीच मिळाला नाही. १० मे २०२१ ला गेले. चंद्रशेखर पुढे स्टेट बँकेत होते, एर्नाकुलमला. ते २४ ऑगस्ट २०२१ ला गेले.

माझे वडील सांगायचे की फ्रँको चेंडू घेताना मान वर असायची. खाली बघायचेच नाहीत. चेंडू कुठे आहे हे पायाला माहीत, डोळ्यांना पुढचा माणूस शोधायचा असतो. वडील मला अंगणात हेच शिकवत, आणि मी खाली बघितलं की डोक्यावर टपली.

आडवापास
कूपरेजकर, आजोबा आत्ताच म्हणाले, "फ्रँको? टाटांचा फ्रँको? अरे, तो आमच्या समोरून जायचा." मोबाईल हातात धरून मोठ्याने वाचतोय त्यांना. अजून लिहा.

उजवीबगल
नेव्हिल डिसोझा राहिले की! तेही मुंबईचे आणि १९६२ चेच ना?

कूपरेजकर
नाही, उजवीबगल. नेव्हिल १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकचे. यजमान ऑस्ट्रेलियाला आपण ४-२ ने हरवलं, त्यात त्यांचे तीन. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध आपण आधी १-० ने पुढे होतो, तो गोलही त्यांचाच. नंतर १-४ ने हरलो आणि शेवटी चौथे आलो. स्पर्धेत चार गोल, सर्वाधिक गोल करणाऱ्यांत संयुक्तपणे पहिले.

आणि ते गेले १९८० मध्ये, पन्नाशीही गाठली नव्हती. अर्जुन त्यांनाही नाही. तेव्हा पुरस्कार सुरूच झाला १९६१ ला, तोवर त्यांचे दिवस सरत आले होते. मरणोत्तर तरी द्यायला हवा होता असं माझं ठाम मत आहे.

उजवीबगल
दुरुस्तीबद्दल आभार. मी दोन्ही संघ एकच समजत होतो.

तालीमवाला
अवांतर करतो, क्षमस्व. आम्ही कोल्हापूरकर. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा या तालमींच्या संघांची मॅच असली की शहरात दुसरा विषय नसतो. आमच्याकडे जुन्या खेळाडूचं काय होतं ते सांगतो. तो पेठेतच राहतो. सकाळी तालमीच्या कट्ट्यावर असतो, संध्याकाळी मैदानाच्या कडेला. मॅच संपल्यावर अठरा वर्षांचं पोर त्याच्या पाया पडतं आणि तो म्हणतो, "दुसऱ्या हाफला पळत नव्हतास." पैसा फार कुणाला मिळाला नाही. पण त्याला कुणी विसरत नाही. बलरामना जे शेवटी हवं होतं ते हेच असावं असं मला वाटतं.

शिट्टी
तालीमवाला, मान हवाच. पण कट्ट्यावरच्या मानाने औषधाचं बिल भागत नाही.

बाकावरचा
इथे मला घरचं सांगायचं आहे, कारण नोकरीचा मुद्दा वरवर निघून गेला.

माझे वडील एका बँकेच्या संघात होते. देशाकडून कधी खेळले नाहीत, मुंबईची हार्वुड लीग खेळले. खेळाडू म्हणून भरती झालेल्या माणसाचा दिवस कसा असायचा? सकाळी मैदान, मग बँकेत येऊन मस्टरवर सही, दुपारी तीनला पुन्हा सराव. स्पर्धेसाठी बाहेरगावी गेलं तर विशेष रजा. साहेब स्वतः फुटबॉलवेडे, त्यामुळे कुणी काही बोलायचं नाही. बारा वर्षं अशी गेली.

चौतिसाव्या वर्षी संघातून नाव कमी झालं. दुसऱ्या सोमवारी त्यांना लेजरवर बसवलं. त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान मुलगी त्यांना शिकवायला. वडील रात्री घरी येऊन जेवण झालं की माझ्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर बेरजा करत बसत. तीन-तीन रकाने. चुकलं की खोडून पुन्हा. मी तेव्हा सातवीत होतो आणि मला वाटायचं बाबांनाही गृहपाठ असतो. त्यांनी कधी तक्रार केली नाही. दोन वर्षांत बँकेची परीक्षा दिली, अधिकारी झाले, पेन्शन घेऊन निवृत्त झाले. ती मुलगी, म्हणजे आता निवृत्त बाई, अजून दिवाळीला फोन करते.

म्हणून मी म्हणतो, त्या पिढीला ज्याने तारलं ते पदक नव्हतं. रेल्वे, बँक, लष्कर, पोलाद कारखाना. नोकरी होती ते सावरले. आणि नोकरी असूनही ज्यांचं शरीर मध्येच दगा देऊन गेलं, त्यांचे हाल झाले.

कॉर्नरध्वज
बाकावरचा, वही मागच्या पानाची... डोळ्यांत पाणी आलं.

मधलीफळी
पोलाद कारखान्यावरून पीटर थंगराज आठवले. सहा फुटांवर उंची. मद्रास रेजिमेंटच्या केंद्रात लष्करात होते, आणि खेळायला लागले सेंटर फॉरवर्ड म्हणून. तिथून गोलकीपर झाले आणि १९५८ ला आशियातले सर्वोत्तम गोलकीपर ठरले. जकार्तात तापाने अंथरुणाला खिळले होते, मधल्या सामन्यांत प्रद्युत बर्मन उभे राहिले. अंतिम सामन्याला संघाचे प्रशिक्षक रहीमसाहेब यांनी थंगराजना परत आणलं. पुढे ते बोकारोला गेले, पोलाद कारखान्याच्या गावी, आणि पोरांना शिकवत राहिले. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये तिथेच गेले. त्यांचं नाव निघालं की मला जाळ्यासमोर उभा असलेला तो उंच माणूस दिसतो, जरी मी त्यांना कधी पाहिलेलं नाही.

जर्नेलसिंग यांचीही गोष्ट अशीच लांबची. जन्म लायलपूरचा, फाळणीत लहानपणी इकडे आलेले. जकार्तात थायलंडविरुद्ध डोकं फुटलं, सहा टाके. रहीमसाहेबांनी त्या बचावपटूला उपांत्य आणि अंतिम सामन्यात चक्क पुढे खेळवलं. दोन्हीत गोल! आणि टाके असलेल्या डोक्यानेच अंतिम सामन्यातला गोल. १९६६ मध्ये आशियाई ऑल स्टार संघाचे कर्णधार झाले. पुढे पंजाबच्या क्रीडा खात्यात नोकरी. २००० मध्ये व्हँकुव्हरला वारले.

लायलपूर ते व्हँकुव्हर, मध्ये कोलकाता. नकाशावर बोट फिरवून बघा एकदा.

गुडघेदुखी_तज्ज्ञ
मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून फ्रँकोंच्या गुडघ्यावर थोडं. त्या काळी गुडघ्यातली गादी फाटली की शस्त्रक्रियेत ती पूर्णच काढून टाकत. तेव्हा तोच उपचार मानला जाई. खेळाडू काही महिन्यांत पळायलाही लागे. पण गादी गेली की हाडावर हाड घासतं, आणि पन्नाशीत जिना चढवत नाही. आता शक्य तितकी गादी वाचवतात, शिवून घेतात. माझ्याकडे येणारे सत्तरीचे जुने खेळाडू पँटचा पाय वर करतात तेव्हा गुडघ्याच्या बाजूला तो लांब व्रण दिसतो आणि मला विचारावं लागत नाही.

दुसरं डोक्याचं. २०१९ मध्ये स्कॉटलंडमधल्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी मृत्यू होण्याचं प्रमाण त्यांच्यात सामान्य माणसांच्या साडेतीन पट आढळलं. स्मृतिभ्रंशाची औषधं गोलकीपरना मात्र इतर खेळाडूंपेक्षा कमी लागत होती. हेच खेळाडू हृदयविकाराने मात्र कमी गेले होते. तेव्हा खेळ वाईट असं कुणी वाचू नका. चेंडू डोक्याने मारणं आणि डोक्याला डोकं लागणं याकडे लहान मुलांच्या बाबतीत तरी नीट पाहावं, एवढंच.

तालीमवाला
हे फार मोलाचं. आमच्या बारक्यांच्या कोचना दाखवतो.

हैदराबादी_मराठी
मी हैदराबादेत वाढले. युसूफ खान यांचं कुणी लिहिलं नाही. अंतिम सामन्यात पुढच्या फळीत तेही होते. १९६६ चा अर्जुन. खेळताना डोक्याला मार बसला होता, आणि नंतर पार्किन्सनने कित्येक वर्षं त्यांना जखडलं. २००६ मध्ये हैदराबादेतच गेले. गुडघेदुखी_तज्ज्ञ यांनी सांगितलेलं वाचलं आणि त्यांचीच आठवण झाली. एका माणसाचा आजार कशाने झाला हे मी सांगू शकत नाही, पण मन तिकडे जातंच.

आणि रहीमसाहेबांबद्दल. ते पेशाने शिक्षक. हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ त्यांनी घडवला, मग भारताचा. जकार्तात त्यांना फुफ्फुसाचा कर्करोग होता. सुवर्ण मिळालं सप्टेंबरात, ते गेले ११ जून १९६३ ला. नऊ महिने. आमच्याकडची जुनी माणसं म्हणतात, रहीमसाहेब गेले आणि फुटबॉल त्यांच्याबरोबर गेला. हे अर्धं खरं आहे, पण १९६२ नंतर सुवर्ण नाही हे पूर्ण खरं आहे. त्यांचे चिरंजीव एस. एस. हकीम रोमच्या संघात होते, हवाई दलात स्क्वाड्रन लीडर झाले आणि आंतरराष्ट्रीय पंचही. ते २२ ऑगस्ट २०२१ ला गेले. वर चंद्रशेखर यांची तारीख वाचली ती २४. दोन दिवसांचं अंतर.

शिट्टी
मी इथे 'यात शोधायचं काय' असं लिहिलं होतं. ते मागे घेतो. शोधायला हवंच होतं. मात्र माझा राग कायम आहे, तो खेळाडूंवर नाही. रहीमसाहेबांवर चित्रपट यायला साठ वर्षं लागली.

उजवीबगल
आजच्या पोरांचं काय होईल हो? ज्या संघांनी नोकऱ्या दिल्या त्यातले किती उरले? मफतलाल, ओर्के मिल्स संपले. महिंद्रा युनायटेडने २०१० ला संघ बंद केला. रोव्हर्स कपही बंद पडला.

कॉर्नरध्वज
२०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकातला आपला संघ बघा, त्यानंतर किती वाटा झाल्या. जॅक्सनसिंगने कोलंबियाविरुद्ध केलेला गोल हा विश्वचषकातला भारताचा पहिला. तो पुढे देशाकडून खेळला. अन्वर अलीला हृदयाचा विकार निघाला, खेळायचं नाही असं सांगितलं गेलं, आणि तरी तो झगडून परत आला आणि भारताच्या बचावफळीत उभा राहिला. काही मात्र हळूहळू बातम्यांतून दिसेनासे झाले. एकविसाव्या वर्षी 'माजी' होणं म्हणजे काय असतं, विचार करवत नाही.

तालीमवाला
त्या संघात आमचा अनिकेत जाधव होता बरं का! कोल्हापूरचा. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला.

बाकावरचा
आता करारात पैसा त्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त आहे, पण करार दोन वर्षांचा. नोकरी तीस वर्षांची होती. माझ्या मुलाने फुटबॉल निवडला तर मी खेळू देईन आणि पदवीही पूर्ण करायला लावीन. वडिलांनी वहीच्या मागे बेरजा केल्या, त्याला तसं करावं लागू नये.

पाऊसवेडी
मूळ प्रश्नाकडे येऊ या का? आडवापास, आजोबांनी ऐकलं का सगळं?

आडवापास
ऐकलं. काल दुपारी दोन तास लागले. मध्ये दोनदा चहा झाला.

बलराम यांचं वाचताना त्यांनी हात वर करून थांबवलं. "घरी कोण होतं त्याच्या?" लग्न केलं नव्हतं असं सांगितलं. मग उत्तरपाडा कुठे ते विचारलं. नकाशा काढून दाखवला, नदीच्या काठाला बोट लावून बराच वेळ बघत होते. थंगराज तापातून उठून उभे राहिले हे त्यांना आठवत होतं, पुढे बोकारोला गेले हे नव्हतं. जर्नेलसिंगच्या टाक्यांवर मात्र त्यांनी मलाच दुरुस्त केलं. मी 'पाच' वाचलं होतं.

बाकावरचा, तुमच्या वडिलांच्या वहीचं ऐकून म्हणाले, "त्या माणसाला सांग, त्याच्या बापाला मी ओळखत नाही, पण हार्वुड लीगला मी असायचो. बघितला असणार त्याला."

रात्री झोपताना मला परत बोलावलं. म्हणाले, फ्रँकोचं परत वाच. मान वर असायची तिथपासून.